छायाचित्र पुरावा केव्हा ठरते? भारतातील हौशी छायाचित्रकारांचा इतिहास

1855 च्या सुमारास मुंबईत किंवा कलकत्त्यात एखाद्याला छायाचित्र काढण्याची हौस असेल, तर त्याला आधी थोडेफार रसायनशास्त्र शिकावे लागे. काचेची पाटी स्वच्छ पुसून तिच्यावर कलोडियन ओतायचे. कलोडियन म्हणजे ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या गनकॉटनचे दाट द्रावण. त्यात आयोडाइडचे क्षार मिसळलेले असत. थर चिकट असतानाच ती पाटी अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, म्हणजे थरामध्ये प्रकाशाला संवेदनशील असे सिल्व्हर आयोडाइडचे कण तयार होत. मग ती ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची, भिंगावरचे झाकण काही सेकंद काढायचे, आणि पुन्हा अंधारखोलीकडे धावायचे. साधारण दहा मिनिटांत हे सारे उरकले नाही तर पाटी वाया जाई.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने ही पद्धत 1851 मध्ये पेटंट न घेता प्रसिद्ध करून टाकली होती, त्यामुळे ती कोणालाही वापरता येत होती. मात्र तिचे सर्व आकडे लंडनच्या हवेसाठी होते. ईथर सुमारे 35 अंश सेल्सियसला उकळते, आणि वैशाखातल्या कलकत्त्यात दुपारचे तापमान सहज त्याच्या पुढे जाते. पाटीवर कलोडियन नीट पसरण्याच्या आतच ईथर उडून जाई. थर लवकर सुकला की त्यातील सिल्व्हर नायट्रेटची तीव्रता वाढून स्फटिक धरत आणि चित्रावर डाग पडत. शिवाय तापमान दहा अंशांनी वाढले की बऱ्याच रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे लंडनच्या पुस्तकात सांगितलेल्या वेळेइतके विकसन केले, तर येथे चित्र काळेठिक्कर होई. इंग्लंडहून आलेले पुस्तक आणि सामान, दोन्ही हाताशी असूनही छायाचित्र निघत नसे.

या अडचणीला एकट्याने उत्तर शोधणे कठीण होते. द्रावण किती पातळ करावे, अंधारखोलीत बर्फ वापरावा की पहाटे काम करावे, विहिरीच्या पाण्यातील क्षारांमुळे चांदीचे द्रावण बिघडते का, अशा शेकडो लहान प्रश्नांची उत्तरे अनेकांच्या फसलेल्या पाट्यांमधूनच मिळणार होती. भारतात हौशी छायाचित्रकार एकत्र आले त्याचे एक मोठे कारण हे होते. कौतुक करून घेण्याची इच्छा त्यांनाही असणारच. पण त्यांची खरी गरज एकमेकांच्या चुका जाणून घेण्याची होती.

लंडनची छायाचित्रण संस्था 1853 मध्ये स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1854 मध्ये, मुंबईत तशी संस्था उभी राहिली. जानेवारी 1856 मध्ये कलकत्त्यात बंगालची छायाचित्रण संस्था निघाली आणि त्याच वर्षी मद्रासमध्येही. सभासदांमध्ये लष्करी अधिकारी, डॉक्टर, अभियंते आणि शिक्षक असत. सभेत छायाचित्रे हातोहात फिरत आणि ती कशी काढली, याची माहिती सांगितली जाई: कोणता कागद, कोणते भिंग, किती वेळ उघडे ठेवले, विकसन कशाने केले. मुंबईच्या संस्थेने 1855 मध्ये स्वतःचे नियतकालिकही सुरू केले. पुढे विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ नावाची मालिका मुंबईतून काढली. त्यात छापलेली नव्हे, तर प्रत्यक्ष छायाचित्रे चिकटवलेली असत. ‘हौशी’ हा शब्द त्या काळी कमीपणाचा नव्हता. धंदेवाईक स्टुडिओची पोटापाण्याची भिस्त स्वतःच्या कृतीवर असल्याने ती गुप्त ठेवण्याकडे त्याचा कल असे. हौशी माणसाला ती उघड करण्यात काही गमवायचे नव्हते.

या वर्तुळात भारतीयही होते. मुंबईच्या संस्थेच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव येते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः कुशल छायाचित्रकार होते. याच सुमारास एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचे वर्ग सुरू झाले आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे छायाचित्रकार तेथून तयार झाले. जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह दुसरे आणि त्रिपुराचे महाराजा वीरचंद्र माणिक्य यांनी आपापल्या राजवाड्यांत अंधारखोल्या थाटल्या. कलकत्त्यात बंगालच्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होते संस्कृतचे गाढे अभ्यासक राजेंद्रलाल मित्र. जुने शिलालेख आणि मंदिरे यांची नोंद हाताने काढलेल्या चित्रांपेक्षा अधिक नेमकेपणाने व्हावी, यासाठी त्यांना कॅमेरा हवा होता. संस्थेच्या कारभारातही त्यांच्याकडे पदाधिकाऱ्याची जबाबदारी होती.

1857 च्या वसंतात या समानतेची परीक्षा झाली. त्या काळी मुलखातील युरोपियनांवर कंपनीच्या स्थानिक फौजदारी न्यायालयांत खटला चालवता येत नसे. हा भेद दूर करणारा कायदा प्रस्तावित होता आणि निळीचे मळेवाले त्याला ‘काळा कायदा’ म्हणून विरोध करत होते. एप्रिल 1857 मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेत मित्र यांनी कायद्याची बाजू घेतली आणि मळेवाल्यांच्या वर्तनावर कडक टीका केली. छायाचित्रणाशी या भाषणाचा काडीचा संबंध नव्हता. तरीही संस्थेतील युरोपियन सभासदांनी त्यांच्याकडे राजीनामा मागितला. त्यांनी तो दिला नाही, तेव्हा त्यांना संस्थेतून काढून टाकण्यात आले.

विज्ञानाच्या इतिहासात हा प्रसंग सहसा सांगितला जात नाही, पण तो सांगण्याजोगा आहे. ज्ञानाची देवाणघेवाण करणारे मंडळ केवळ कृती आणि आकडे यांवर चालत नाही. तेथे बोलण्याचा अधिकार कोणाला आहे, यावरही ते चालते. शिलालेखाचे छायाचित्र घेताना प्रकाश कोणत्या बाजूने पडावा, म्हणजे झिजलेली अक्षरे उठून दिसतील, हे ज्याला लिपी वाचता येते तोच नेमके सांगू शकतो. असा माणूस बाहेर गेला की अपमान त्याचा होतो आणि नुकसान संस्थेचे. मित्र यांचे काम मात्र थांबले नाही. ओरिसाच्या प्राचीन अवशेषांवरील त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ पुढे प्रसिद्ध झाला आणि 1885 मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष तेच झाले.

यानंतर अकरा वर्षांनी, 1868 मध्ये, भारतातील छायाचित्रांचे दोन अगदी वेगळे उपयोग जगासमोर आले. ते शेजारी ठेवून पाहिले की छायाचित्र पुरावा केव्हा ठरते, हा प्रश्न स्पष्ट होतो.

पहिला उपयोग म्हणजे ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा ग्रंथ. व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग यांच्या काळात देशभरातील अधिकाऱ्यांकडून, त्यांत अनेक हौशी छायाचित्रकार होते, निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांची छायाचित्रे मागवण्यात आली. 1868 ते 1875 या काळात त्यांतील साडेचारशेहून अधिक चित्रे आठ खंडांत प्रसिद्ध झाली. छायाचित्रे खरी होती. प्रश्न होता सोबतच्या मजकुराचा. कोणती जमात विश्वासू, कोणती गुन्हेगार, असे शेरे एकेका चेहऱ्याखाली मारलेले होते. ज्याचा चेहरा दिसतो तो माणूस कोण, त्याला कोणत्या परिस्थितीत उभे केले, लिहिणाऱ्याला हे कशावरून कळले, हे वाचकाला पडताळून पाहण्याची सोय नव्हती. भिंगाने टिपलेल्या तपशिलाची विश्वासार्हता शेऱ्यांना उसनी मिळाली.

दुसरा उपयोग आकाशातला. 18 ऑगस्ट 1868 रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा दक्षिण भारतावरून गेला. गुंटूर येथे मेजर जेम्स टेनंट यांच्या तुकडीने नऊ इंची परावर्ती दुर्बिणीला कॅमेरा जोडून ओल्या कलोडियनच्या सहा पाट्या घेतल्या. खग्रास स्थिती जेमतेम पावणेसहा मिनिटे टिकणार होती. तेवढ्या वेळात पाट्या आलटून पालटून बसवायच्या आणि त्या सुकण्याआधी विकसित करायच्या, तेही ऑगस्टमधल्या आंध्रच्या हवेत. सूर्याच्या कडेवरून उसळलेल्या ज्वाला त्या पाट्यांवर उमटल्या. त्याच ग्रहणात एडन येथे जर्मन तुकडीतील हर्मान फोगल यांनीही छायाचित्रे घेतली होती. याच ग्रहणात वर्णपटदर्शकातून पाहणाऱ्यांना ज्वालांच्या प्रकाशात एक पिवळी रेषा दिसली. ती पुढे हेलियम या मूलद्रव्याची ठरली. पृथ्वीवर ते 1895 मध्ये सापडले.

खरी कसोटी 12 डिसेंबर 1871 च्या ग्रहणात लागली. खग्रास स्थितीत सूर्याभोवती दिसणारे शुभ्र प्रभामंडल, म्हणजे करोना, हे सूर्याचेच अंग आहे, की पृथ्वीच्या वातावरणात विखुरलेल्या प्रकाशाचा आभास, याविषयी तोवर काहींच्या मनात शंका होती. त्या दिवशी मलबार किनाऱ्यावरच्या बेकल येथे लॉर्ड लिंडसे यांच्या तुकडीने, आणि निलगिरीतील दोड्डाबेट्टा या सुमारे 2,600 मीटर उंचीच्या शिखरावर टेनंट यांच्या तुकडीने छायाचित्रे घेतली. एक ठिकाण समुद्रसपाटीचे, दुसरे पर्वतमाथ्यावरचे. दोन्हींच्या वर हवेचे थर वेगळे, आर्द्रता वेगळी. तरीही करोनामधील किरणांची रचना दोन्हीकडच्या चित्रांत जुळली. वातावरणाचा खेळ असता तर ती जुळली नसती. एकाच छायाचित्राने हे सिद्ध झाले नसते. दोन अनोळखी हातांनी, वेगळ्या उपकरणांनी घेतलेली चित्रे, आणि ती कशी घेतली याच्या नोंदी, शेजारी ठेवल्यावर ते सिद्ध झाले.

दोड्डाबेट्टावर टेनंट यांच्यासोबत कॅप्टन जेम्स वॉटरहाउस होते. या माणसाच्या आयुष्यात छायाचित्रणाच्या दोन्ही वाटा एकत्र येतात. 1860 च्या दशकाच्या आरंभी तरुण तोफखाना अधिकारी असताना त्यांनी मध्य भारतातील लोकांची छायाचित्रे काढली होती, आणि त्यांतील काही ‘द पीपल ऑफ इंडिया’मध्ये गेली. पुढे ते कलकत्त्याला भारतीय सर्वेक्षण खात्यात नकाशांच्या छायामुद्रणाचे काम पाहू लागले. त्या काळच्या पाट्यांना निळा-जांभळा प्रकाश दिसे, हिरवा आणि तांबडा जवळजवळ दिसत नसे. म्हणून चित्रात हिरवी झाडे काळी येत आणि निळे आकाश पांढरे. एडनला ग्रहण टिपणाऱ्या फोगल यांनी 1873 मध्ये दाखवले, की थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर पाटी इतर रंगांनाही प्रतिसाद देते. वॉटरहाउस यांनी कलकत्त्यात प्रयोग सुरू केले आणि इओसिन हे रंगद्रव्य वापरून पाटी हिरव्या प्रकाशाला संवेदनशील करता येते, हे 1875 च्या सुमारास शोधले. रंगद्रव्याचा रेणू हिरवा प्रकाश शोषतो आणि त्याची ऊर्जा चांदीच्या क्षाराच्या कणाच्या कामी येते. पुढील शतकातील सारी रंगीत फिल्म याच तत्त्वावर उभी राहिली. वॉटरहाउस यांनीही आपली कृती प्रसिद्ध करून टाकली.

विसाव्या शतकात कॅमेरा हलका झाला, फिल्म कारखान्यातून तयार येऊ लागली आणि हौशी माणूस अंधारखोलीतून रानात गेला. आसाममधील चहामळ्यावर काम करणारे ई. पी. जी हे निसर्गाचे असेच एक हौशी अभ्यासक. भूतानच्या सीमेवर संकोश नदीच्या काठी सोनेरी रंगाची माकडे असल्याचे ऐकून ते 1953 मध्ये तेथे गेले आणि त्यांनी त्यांचे चित्रण करून आणले. त्या चित्रणामुळे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे लक्ष वेधले गेले. पण चित्रण पुरेसे नव्हते. त्या काळच्या नियमाने नव्या जातीसाठी मारून जतन केलेला नमुना लागे. असे नमुने गोळा झाल्यावर एच. खजुरिया यांनी 1956 मध्ये त्या वानराचे शास्त्रीय वर्णन केले आणि जातीला जी यांचे नाव दिले. आज आपण त्याला सोनेरी वानर म्हणतो.

अर्ध्या शतकानंतर पुरावा म्हणून छायाचित्राचे वजन किती वाढले होते, ते अरुणाचल प्रदेशात दिसले. रमण अत्रेय हे व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ, आणि पक्षी ही त्यांची हौस. ईगलनेस्ट अभयारण्यात 1995 मध्ये त्यांना एक अनोळखी पक्षी ओझरता दिसला होता. पुढे तो पुन्हा दिसू लागल्यावर मे 2006 मध्ये त्यांनी दोन पक्षी जाळ्यात पकडले, त्यांची मोजमापे घेतली, छायाचित्रे काढली, गळालेली पिसे जपून ठेवली आणि पक्षी सोडून दिले. त्या वेळी त्यांच्या माहितीत अशा पक्ष्यांची संख्या अवघी 14 होती. त्यांतील एक मारून पेटीत ठेवणे त्यांना मान्य नव्हते. ‘बुगुन लिओसिक्ला’ या जातीचे वर्णन ‘इंडियन बर्ड्स’ या नियतकालिकात छायाचित्रे, पिसे, आवाजाचे ध्वनिमुद्रण आणि मोजमापे यांच्या आधारे प्रसिद्ध झाले. त्या भागात राहणाऱ्या बुगुन समाजाचे नाव त्या पक्ष्याला देण्यात आले. नमुना न मारता नवी जात मांडावी का, यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. पण छायाचित्रासोबत इतर नोंदी इतक्या काटेकोर असतील, तर एक जीव वाचू शकतो, हे या उदाहरणाने दाखवले.

याच परंपरेतील एक अलीकडची घटना हिमाचल प्रदेशातील चंबा जिल्ह्यातली आहे. 2020 च्या टाळेबंदीत पदव्युत्तर शिक्षण घेणारा एक विद्यार्थी घरी परतला होता. घराच्या परिसरात दिसणारे साप, सरडे आणि कीटक तो टिपत असे. जूनमध्ये त्याने एका सापाचे छायाचित्र इन्स्टाग्रामवर टाकले. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील संशोधक झीशान मिर्झा यांनी ते पाहिले आणि त्यांना तो साप कुकरी गटातील नेहमीच्या सापापेक्षा वेगळा वाटला. त्यानंतर प्रत्यक्ष नमुने मिळवण्यात आले, खवल्यांची आणि डीएनएची तुलना झाली, आणि डिसेंबर 2021 मध्ये ‘ओलिगोडॉन चुराहेन्सिस’ ही जात शास्त्रीय नियतकालिकात नोंदली गेली. चुराह हे त्या खोऱ्याचे नाव. छायाचित्राने येथे काही सिद्ध केले नव्हते. त्याने योग्य माणसाच्या मनात योग्य प्रश्न उभा केला होता. ते कोणत्या जागी आणि केव्हा काढले, हे सांगणारा छायाचित्रकार हाताशी होता, म्हणून तो प्रश्न पुढे नेता आला.

आज हा इतिहास आठवण्याचे कारण वेगळे आहे. छायाचित्र काढणे कधी नव्हे इतके सोपे झाले आहे आणि त्यावर विश्वास ठेवणे कधी नव्हे इतके अवघड. मोबाइलचा कॅमेरा एका क्षणात अनेक प्रतिमा घेऊन त्यांची सरासरी काढतो, कडा ठळक करतो, रंग बदलतो. आपण जे ‘छायाचित्र’ म्हणून पाहतो तो एका गणिताचा निष्कर्ष असतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने तर कॅमेरा आणि साप, दोन्हींशिवाय सापाचे छायाचित्र तयार होते. अशा काळात प्रतिमेकडे नुसते डोळे बारीक करून पाहिल्याने खरे-खोटे ठरणार नाही. ते ठरवायला 1855 मधील सभासद एकमेकांना जे विचारत, तेच विचारावे लागेल: कधी काढले, कुठे काढले, कोणते भिंग, किती वेळ, नंतर काय केले?

आकाशाची छायाचित्रे काढणारे हौशी लोक आजही ही शिस्त पाळतात. तेजोमेघाच्या चित्राखाली दुर्बिणीचा व्यास, प्रत्येक प्रतिमेचा अवधी, एकूण किती प्रतिमा एकत्र केल्या आणि कोणत्या गाळण्या वापरल्या, हे लिहिण्याची पद्धत आहे. ज्याला शंका येईल, त्याने तेच साहित्य घेऊन तोच तेजोमेघ पाहावा. फुलपाखरे, कोळी, ऑर्किड टिपणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हे सहज करता येईल: मूळ फाइल जपून ठेवावी, शेजारी मोजपट्टी किंवा ओळखीची वस्तू ठेवून एक चित्र घ्यावे, तारीख आणि अधिवास नोंदवावा, केलेले बदल सांगावेत. दुर्मीळ प्राण्याचे नेमके ठिकाण मात्र सर्वांसमोर जाहीर न करता अभ्यासकालाच कळवावे, कारण त्याच माहितीच्या शोधात शिकारी आणि तस्करही असतात.

चंबाच्या सापावरील शोधनिबंधाच्या लेखकांमध्ये त्या विद्यार्थ्याचेही नाव आहे. 1857 मध्ये कलकत्त्यात एका अभ्यासकाचे नाव सभासदांच्या यादीतून खोडले गेले होते, ते त्याच्या छायाचित्रांत दोष होता म्हणून नव्हे. या दोन नोंदींच्या मधल्या काळात भिंगे, पाट्या आणि संवेदक पार बदलून गेले. वर्तुळात कोणाला बसू द्यायचे, हा प्रश्न मात्र कोणत्याही उपकरणाने सुटलेला नाही. तो प्रत्येक पिढीतील सभासदांनी सोडवायचा असतो.